पोरांची हाडं फटीतून वाढतात

गेल्या जूनमध्ये माझा भाचा शंभू गल्लीत फुटबॉल खेळताना तळहातावर पडला. वय अकरा, पेठेतल्या पोरांच्या टीमचा गोलकीपर. मनगट सुजलं म्हणून दादा त्याला दवाखान्यात घेऊन गेला, पाठोपाठ मीही पोचले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या पाटीवर लावला आणि दादा खुर्चीतून उठलाच.

"आवो डॉक्टर, हाडाचं सरळ दोन तुकडं झाल्यात की!"

मनगटाच्या जरा वर, हाडाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काळी रेघ होती. शेजारच्या हाडालाही तशीच. दोन हाडं, दोन रेघा, पट्टीनं मारल्यासारख्या. डॉक्टर हसले. "ती मोडल्याची फट नव्हे, वाढायची फट आहे. त्याच्या वयाला तुमच्या मनगटातही होती." खरी इजा त्या रेघेला लागून असलेल्या एका कोपऱ्यात होती. नखाएवढा टवका. दादाचं तिकडं लक्षच गेलं नव्हतं.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. ही फट फळ्यावर किती वेळा काढली असेल त्याला गणती नाही, पण घरातल्या पोराच्या हातात ती पहिल्यांदा बघितली. त्या रात्री दादाला आणि वहिनीला जे समजावून सांगितलं, तेच इथं जरा सविस्तर लिहिते. पोरांची हाडं, स्नायू, सांधे यांबद्दल आपल्याला पडणारे बहुतेक प्रश्न फिरून फिरून या फटीपाशीच येतात.

तर ती फट म्हणजे रिकामी जागा नव्हे. तिथं कूर्चा असते. आपल्या कानाच्या वरच्या कडेला, नाकाच्या शेंड्याला जो लवचिकपणा असतो तो कूर्चेचा. तिच्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, भरलेला नसतो. त्यामुळं एक्स-रेचे किरण आरपार जातात आणि फोटोत ती जागा काळी दिसते. कोल्हापूरकरांना हे ताटावर बसूनच दाखवता येतं. कोवळं मटण नीट शिजलं की नळीच्या टोकाची टोपी आपोआप सुटून हातात येते, आणि ती जिथून सुटते तिथला पापुद्रा दाताखाली कुरकुरतो. जून बोकडाची टोपी अशी सुटत नाही. कोवळं-जून ओळखायची ही खूण आहे, आणि शंभूच्या मनगटातली फट म्हणजे तोच पापुद्रा. डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. मी फटच म्हणणार.

या फटीत पेशी एकावर एक रचलेल्या असतात, रुपयाच्या नाण्यांच्या थप्प्या लावाव्यात तशा. टोपीकडच्या बाजूच्या पेशी सारख्या दुभंगत राहतात, थप्पीत नवं नाणं घालत राहतात. मधल्या पेशी पाणी पिऊन टम्म फुगतात, आणि हाड लांबायला खरा जोर या फुगण्यातूनच मिळतो. दांड्याकडच्या बाजूला आलेल्या पेशी म्हाताऱ्या झालेल्या असतात. त्यांच्या भोवतीच्या भागात चुना धरतो, पेशी बहुतेक मरतात, रक्तवाहिन्या आत शिरतात आणि त्यांच्यासोबत आलेल्या हाड बांधणाऱ्या पेशी त्या जागी पक्कं हाड घालतात. एका अंगाला कूर्चा तयार होते, दुसऱ्या अंगाला तिचं हाड होतं. दोन्ही कामं एकाच वेगानं चालतात तोवर फटीची जाडी तेवढीच राहते आणि टोपी दांड्यापासून पुढं पुढं ढकलली जाते. म्हणजे पोराचं हाड रबरासारखं ताणून लांब होत नाही. टोकाशी रोज थोडं बांधकाम होतं.

जाडीचं खातं वेगळं. हाडाच्या अंगाभोवती एक चिवट पातळ वेष्टण असतं, ते बाहेरून थर चढवतं. त्याच वेळी आतून हाड पोखरलं जातं. बाहेरून भर, आतून कोर, म्हणून नळी जाड होते तरी पोकळच राहते.

सगळ्या फटी सारख्या वेगानं काम करत नाहीत. पायात बहुतेक काम गुडघ्याच्या आजूबाजूला चालतं. मांडीच्या हाडाचं खालचं टोक वाढत्या वयात वर्षाला साधारण नऊ-दहा मिलिमीटर भर घालतं, नडगीचं वरचं टोक सहाच्या आसपास. हातात उलटं आहे. तिथं खांदा आणि मनगट कामाचे, कोपर आळशी. म्हणून गुडघ्याजवळची किंवा मनगटाजवळची इजा डॉक्टर जास्त जपून बघतात. तिथं फट बिघडली तर नुकसान मोठं.

बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या शरीरात तीनशेच्या घरात हाडं आणि हाडांचे सुटे तुकडे असतात. मोठेपणी उरतात २०६. कुठं हरवत नाहीत, एकमेकांत मिसळतात. कवटीचंच बघा. बाळाची टाळू उडते ना, ती सुट्या पाट्यांमधली मोकळी जागा. मागची टाळू दोन-तीन महिन्यांत भरते, पुढची साधारण वर्ष-दीड वर्षात. गुडघ्याची वाटी तर जन्मताना नुसती कूर्चेची असते, तिच्यात हाड धरायला तिसरं ते सहावं वर्ष उजाडतं. मनगटातली आठ छोटी हाडं जन्मताना एक्स-रेत दिसतच नाहीत. पहिली दोन काही महिन्यांत उगवतात, शेवटचं दहा-बारा वर्षांच्या सुमारास. कोणतं कधी दिसू लागतं याचा क्रम इतका ठरलेला आहे की डॉक्टर डाव्या मनगटाचा फोटो बघून हाडाचं वय सांगतात. वयोगटाच्या क्रिकेटमध्ये बीसीसीआय हीच तपासणी करते. दाखल्यावरची तारीख कुणालाही हवी तशी लिहून घेता येते, मनगटावरची नाही.

पण हाडाचं वय आणि दाखल्याचं वय यांत धडधाकट पोरातही वर्षभराचा फरक पडू शकतो. एकाच वर्गातल्या तेरा वर्षांच्या दोन पोरांत एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसरा अजून चौथीतला वाटतो. निवडीला उभं केलं की पहिला पोरगा भाव खाऊन जातो. दुसऱ्याची वाढ उशिरा सुरू होणार असते, एवढंच. अशी किती पोरं बाकावर बसून खेळ सोडून देत असतील, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

आता मोडलेल्या हाडाकडं येऊ. पोराचं हाड वाळल्या काटकीसारखं काडकन मोडत नाही. ओली फांदी वाकवली की एका अंगानं चिरते आणि दुसऱ्या अंगानं सालीला धरून राहते, तसं पुष्कळदा होतं. अंगावरचं ते चिवट वेष्टण पोरांत जाड असतं, ते तुकड्यांना धरून ठेवतं आणि सांधायलाही तेच पुढं सरतं. त्यामुळं मोठ्या माणसाला जिथं प्लास्टरात महिने काढावे लागतात, तिथं पोरगं काही आठवड्यांत मोकळं होतं.

त्याहून मोठं नवल पुढं आहे. थोडं वाकडं जुळलेलं हाड पोरात आपलं आपण सरळ होतं. उसाच्या फडात वाढलेल्या माणसाला हे सांगायला कष्ट पडत नाहीत. वाऱ्या-पावसात ऊस लोळला की काही दिवसांत त्याचा शेंडा पुन्हा आभाळाकडं वळतो. कांडीच्या गाठीशी वाढीचा एक बारीक पट्टा असतो. जमिनीकडच्या अंगाच्या पेशी जास्त वाढतात आणि ऊस तिथून वर उचलला जातो. हे जमतं कोवळ्या पेरांना. बुडखा आडवा झाला तो आडवाच राहतो. पोराच्या हाडातही दोन कामं होतात. फट आपलं तोंड हळूहळू भाराच्या दिशेला काटकोनात आणते आणि तिथून पुढं नवीन हाड सरळ घातलं जातं. शिवाय बाकाच्या आतल्या अंगाला, जिथं दाब पडतो, हाड भरतं आणि बाहेरच्या अंगाचं झिजतं. भार पडेल तसं हाड घडतं, हा नियम यूलियस वोल्फ या जर्मन सर्जननं १८९२ मध्ये मांडला, म्हणून त्याच्या नावानं ओळखला जातो.

म्हणून लहान पोराच्या मनगटाजवळचा थोडा बाक डॉक्टर मुद्दाम तसाच सोडतात, तेव्हा "नीट बसवलंच नाही" म्हणून भांडायला जाऊ नये. मात्र या दुरुस्तीला हद्द आहे. पोरगं जितकं लहान, मोड फटीच्या जितकी जवळ आणि बाक सांधा ज्या दिशेनं हलतो त्याच दिशेला असेल, तितकी दुरुस्ती चांगली. हाड पिळवटून जुळलं तर ते सहसा सुटत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीत तर फार आशा धरू नये, तिच्या फटी मिटत आलेल्या असतात.

हाडवैदाचं काय, असं आमच्या आईनं विचारलंच. त्यांच्या हातगुणानं पोरं बरी होतात असं वाटतं, त्यातलं बरंचसं श्रेय पोरांच्या हाडांचं आहे. ती कशीही बांधली तरी बहुधा जुळतात. धोका असतो तो बांबूच्या पट्ट्या करकचून आवळण्यात. मोडीभोवती सूज चढत जाते, पट्टी सैल होत नाही, आतला रक्तपुरवठा तुटतो. मग काही तासांत स्नायू मरायला लागतात. एकदा मेलेला स्नायू परत येत नाही आणि हात चिमटल्यासारखा वाकडा होऊन राहतो. प्लास्टर असो की पट्टी, बोटं काळी-निळी पडली, बधिर झाली किंवा बोट सरळ करताना पोरगं किंचाळलं, तर सकाळची वाट बघायची नाही.

फटीचा एक तोटाही आहे. पोरांत सांधा बांधून ठेवणारं लिगामेंट हे फटीतल्या कूर्चेपेक्षा मजबूत असतं. पाय मुरगळला की मोठ्या माणसाचं लिगामेंट ताणतं, त्याच झटक्यानं पोराची फट सरकू शकते. म्हणून "मुरगळलंय, हळद-तेल लाव" हे पोरांच्या बाबतीत जरा जपून. नेमकं हाडाच्या टोकावर बोट ठेवल्यावर दुखत असेल किंवा पोरगं पाय टेकत नसेल, तर फोटो काढावा. या इजांचे पाच प्रकार टोरांटोच्या सॉल्टर आणि हॅरिस या डॉक्टरांनी १९६३ मध्ये लावून दिले. शंभूचा दुसरा. फट काही अंतर सरकते आणि दांड्याचा एक कोपरा सोबत घेऊन जाते. सगळ्यात जास्त आढळतो तो हाच, आणि बहुतेक वेळा पुढच्या वाढीत अडथळा येत नाही. तरी सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढायला सांगितलाच.

आता थोडं तान्ह्या बाळांकडं जाते, कारण वहिनीच्या बहिणीचं बाळ तेव्हा घरातच होतं आणि न्हाऊ घालायला येणारी बाई त्याचे पाय ओढून, जुळवून, घट्ट दुपट्यात बांधत होती. पाय सरळ व्हावेत म्हणून. बाळाच्या खुब्याचा सांधा जन्मताना उथळ वाटीसारखा असतो, आणि ती वाटी खोल होते ती मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसून दाबत राहिला तरच. पाय सरळ ओढून जखडले की गोळा वाटीच्या कडेकडं ढकलला जातो. पाय बेडकासारखे फाकलेले आणि गुडघ्यात वाकलेले असले की तो बरोबर मध्ये बसतो. आपल्या आज्या बाळाला कडेवर घ्यायच्या, दोन्ही पाय कमरेला वेढून, ती बैठक खुब्याला एकदम योग्य. मालिश करा, तेल लावा, बाळाला छान वाटतं. पाय तेवढे बांधू नका. पायाळू जन्मलेलं बाळ, पहिली मुलगी, किंवा घरात कुणाचा खुबा जन्मतः सरकलेला असेल, तर डॉक्टरांकडून खुबा मुद्दाम तपासून घ्यावा. पहिल्या काही महिन्यांत तो गोळाच कूर्चेचा असतो, एक्स-रेत दिसत नाही, म्हणून सोनोग्राफी करतात.

पायांच्या वाकडेपणाची काळजी मात्र बहुतेक वेळा फुकट जाते. चालायला लागलेल्या पोराचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतात, पोटात घडी घालून राहिल्यामुळं. दीड-दोन वर्षांत ते सरळ होतात आणि तिथं न थांबता उलट्या दिशेला जातात. तीन-चार वर्षांचं पोरगं उभं राहिलं की गुडघे एकमेकांना टेकतात आणि घोटे लांब राहतात. सातव्या वर्षापर्यंत हेही निवळतं. तळवा सपाट असणंही तसंच. तळव्याची कमान पाच-सहा वर्षांनंतर नीट दिसू लागते, काहींत आणखी उशिरा. त्यासाठी महागडे बूट लागत नाहीत. एकच पाय वाकडा असेल, बाक वाढतच चालला असेल किंवा मनगटं नि घोटे रुंद दिसत असतील, तर मात्र मुडदूस आहे का ते बघावं लागतं. मुडदूस म्हणजे काय, तर फटीतल्या थप्प्या वाढत राहतात पण चुना धरत नाही. बांधकाम चालू आणि सिमेंट संपलेलं. फट रुंद होत जाते, हाड मऊ राहतं आणि भारानं वाकतं.

आणखी एक, रंकाळ्यावर किंवा जोतिबाच्या पायऱ्यांवर हमखास दिसणारं. आई-बाप दोन्हीकडून हात धरून पोराला "एक, दोन, तीन, हुप" करत उचलतात. एक ते चार वर्षांच्या पोरात कोपराजवळच्या हाडाचं डोकं एका कड्यासारख्या पट्टीत धरलेलं असतं आणि ती पट्टी अजून सैल असते. झटक्यानं ओढलं की पट्टी डोक्यावरून सरकून सांध्यात अडकते. पोरगं रडतं, मग गप्प होतं, पण तो हात हलवतच नाही, लोंबता धरतं. डॉक्टर एका हालचालीत बसवतात. काखेत हात घालून उचला, म्हणजे काही होत नाही.

स्नायूंची गोष्ट हाडांहून निराळी आहे. स्नायूत जे धागे असतात त्यांची संख्या जन्माच्या सुमारासच जवळजवळ ठरलेली असते. पुढं धागे वाढत नाहीत, असलेले जाड आणि लांब होतात. लांब होतात कसे? हाड वाढलं की स्नायू ताणला जातो, आणि ताण पडला की धाग्याच्या टोकांना, जिथं तो दोरीसारख्या भागाला जुळतो तिथं, नवे तुकडे जोडले जातात. हाड पुढं जातं आणि स्नायू मागून येतो. वयात येताना उंची धावत सुटते तेव्हा हे मागं राहणं नजरेत भरतं.

मुलींत हा वेग साधारण अकरा-बाराव्या वर्षी शिगेला पोचतो, मुलांत तेरा-चौदाव्या. त्याआधी वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढणारं पोरगं त्या एका वर्षात आठ-दहा सेंटिमीटर वाढतं. तेही अंगानं सारखं नाही. आधी पावलं, मग पाय, धड सगळ्यांत शेवटी. दिवाळीला घेतलेले बूट गुढीपाडव्याला होत नाहीत ते यामुळं. पोरगं ताडमाड होतं, पाटाला ठेचाळतं, हातातून पेला सुटतो, आणि आपण म्हणतो, लक्ष कुठंय तुझं? लक्ष जागेवरच असतं. मेंदूकडं हातापायाच्या लांबीचा जो अंदाज असतो तो गेल्या वर्षीचा आहे. अंगात ताकद भरते ती उंचीचा वेग ओसरल्यावर, सहसा वर्षभरानं. मधल्या काळात पोरगं आळशी नसतं.

याच काळात आमच्या शाहू स्टेडियमवर सरावाला येणाऱ्या पोरांच्या टाचा आणि गुडघे दुखतात. टाचेच्या हाडाला मागं एक वेगळी टोपी असते, पोटरीचा स्नायू तिला ओढत असतो. नडगीच्या वरच्या टोकाला पुढं एक उंचवटा असतो, मांडीचा मोठा स्नायू त्याला ओढतो. स्नायू अजून आखूड, ओढ जास्त आणि टोपीखालची फट कोवळी, म्हणून तिथं सूज येते. गुडघ्याखालच्या या दुखण्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात, १९०३ मध्ये त्याचं वर्णन करणाऱ्या दोन डॉक्टरांच्या नावावरून. खेळ कमी करणं, बर्फ, मांडी नि पोटरीचे ताण, आणि थोडा धीर. फट मिटली की दुखणं जातं, गुडघ्याखाली टेंगूळ मात्र पुष्कळदा जन्मभर राहतं.

रात्री पाय दुखतात म्हणून रडणारी पोरं वेगळी. तीन ते बारा वर्षांची, दोन्ही पोटऱ्या किंवा मांड्या, संध्याकाळी-रात्री, आणि सकाळी पोरगं उड्या मारत शाळेला. याला आपण वाढीचं दुखणं म्हणतो. वाढीशी त्याचा संबंध असल्याचं काही सिद्ध झालेलं नाही, पण नाव चिकटलंय. चोळून द्या, जवळ घ्या. एकाच जागी दुखणं, सूज, ताप, सकाळी सांधा आखडणं, लंगडणं, यांतलं काही असेल तर ते वाढीचं दुखणं नव्हे. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती चुकते: दहा ते पंधरा वर्षांचं, अंगानं जरा भरलेलं पोरगं गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल आणि गुडघ्यात काही सापडत नसेल, तर खुब्याचा फोटो काढायला सांगा. मांडीच्या हाडाची टोपी फटीवरून घसरत असते आणि कळ गुडघ्यात येते. हे थांबवायला ऑपरेशनच लागतं, तेही लवकर.

कोल्हापुरात हे सगळं लिहायचं आणि तालमीचं काहीच नाही, असं कसं चालेल? शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं तेव्हापासून आमच्याकडं पोरगं आठ-नऊ वर्षांचं झालं की लाल मातीत पाठवायची रीत आहे. आणि तितकीच जुनी भीती, की लहानपणी व्यायाम केला की उंची खुंटते. मल्ल बुटके दिसतात म्हणून हा समज झाला असेल. कमी वजनगटात बुटकाच मल्ल फायद्यात राहतो, म्हणून तो टिकतो. नीट शिकवलेल्या व्यायामानं फट मिटते याला पुरावा नाही. जोर, बैठका, मातीतली लोळण, दोरावर चढणं यात आपल्याच अंगाचा भार असतो आणि हाडाला तो हवाच असतो. आपटणारा, उड्यांचा, दिशा बदलणारा भार पडला की हाड जास्त दाट होतं. वयात येण्याआधी पोराचे दंड मात्र फुगत नाहीत, कारण त्यासाठी लागणारा टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक (हार्मोन), अजून आलेला नसतो. तरी वीस बैठका काढणारं पोरगं वर्षात साठ काढतं. ही ताकद मज्जातंतूंनी शिकलेली असते. एकाच वेळी जास्त धागे कामाला लावायचं कसब.

धोका वेगळ्या ठिकाणी आहे. कुणी बघायला नसताना आपल्याला झेपेल त्याहून जड वजन डोक्यावर उचलण्यात. वर्षभर एकच हालचाल सुट्टी न घेता करण्यात. आणि वजनगटात बसायचं म्हणून वाढत्या पोराला उपाशी ठेवून घाम काढण्यात. पोटाला तुटवडा पडला की शरीर आधी वाढीचं बांधकाम थांबवतं. पोराचं वजन तोडून कुस्ती जिंकणं म्हणजे पेरणीचं बी दळून भाकरी करणं. चांगले वस्ताद हे करू देत नाहीत.

सांध्यांचंही यात येतं. सांध्यात हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं, आणि ते आत मुरतं सांधा हलला, दाबला, सुटला तरच. स्पंज पिळून सोडल्यासारखं. पोटात बाळ हातपाय हलवतं तेही याच कामी येतं. हालचाल नसेल तर सांधा नीट घडतच नाही.

मग ही फट मिटते कधी? मुलींत साधारण तेरा ते पंधरा, मुलांत पंधरा ते सतरा वर्षांच्या आसपास. गळपट्टीच्या हाडाचं छातीकडचं टोक सगळ्यात चिवट, ते विशी उलटल्यावर जुळतं. गंमत अशी, की मुलगा असो वा मुलगी, फट मिटवतो इस्ट्रोजेन, बायकांचं म्हणून ओळखलं जाणारं संप्रेरक. मुलांच्या अंगातही टेस्टोस्टेरॉनपासून थोडा इस्ट्रोजेन बनतो. याचा पक्का पुरावा १९९४ मध्ये छापून आला. अमेरिकेतल्या २८ वर्षांच्या एका पुरुषाच्या शरीराला इस्ट्रोजेनची भाषाच कळत नव्हती. उंची २०४ सेंटिमीटर, फटी उघड्या, आणि तो अजून वाढतच होता.

मुलींत पाळी सुरू होते तोवर उंचीचा मोठा वेग ओसरलेला असतो. त्यानंतर सरासरी पाच-सात सेंटिमीटरच वाढ उरते. त्यामुळं सतराव्या वर्षी उंची वाढवायची पावडर आणणं म्हणजे दार बंद झाल्यावर पाहुण्याला या म्हणणं. लोंबकळूनही काही होत नाही. सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो, कारण रात्री आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून घेतात. लोंबकळल्यावर तोच भास होतो. पोरगं किती वाढेल याचा ढोबळ हिशेब करायचा तर आई-बापाच्या उंचीची बेरीज करा, मुलगा असेल तर १३ सेंटिमीटर मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा, आणि निम्मे करा. आठ सेंटिमीटर इकडं-तिकडं होतंच. त्याहून उपयोगी म्हणजे सहा महिन्यांनी एकदा भिंतीला टेकवून, एकाच वेळेला मोजणं. चार वर्षांनंतर आणि वयात येण्याआधी वर्षाला चार सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ होत असेल तर दाखवावं.

खाण्याचं थोडक्यात. दहा ते बारा वर्षांच्या पोराला आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, हिशेबानं दिवसाला ८५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दोनशे मिली दुधात साधारण २४० मिळतं, म्हणजे गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर एक ग्लास पिऊन दिवस भागत नाही. नाचणीची भाकरी, तीळ, ताक, दही हे सोबत हवं, शिवाय डाळ, अंडं, कारण हाडाचा सांगाडा प्रथिनांचा असतो आणि चुना त्यावर बसतो. कॅल्शियम आत घ्यायला ड जीवनसत्त्व लागतं, ते उन्हातून. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन त्या कामाचं नाही. पोरांना बाहेर खेळू दिलं की भार नि ऊन दोन्ही मिळतात. झोपही, कारण वाढीचं संप्रेरक सगळ्यात जास्त सुटतं ते गाढ झोपेत.

डिसेंबरात शंभूचा दुसरा फोटो काढला. टवका कुठं होता ते आता शोधूनही सापडत नव्हतं. डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं वेगळंच काहीतरी दाखवलं. फटीपासून चार-पाच मिलिमीटरवर एक केसाएवढी पांढरी रेघ. हाताला लागलं तेव्हा फटीनं काही दिवस काम जवळजवळ बंद ठेवलं होतं, तेवढ्या वेळात तिथं चुना दाट बसला. मग काम पुन्हा सुरू झालं आणि फट पुढं गेली, रेघ जिथल्या तिथं राहिली. ती तिरकी असती तर फटीचा एक भाग बंद पडला असं समजायचं. शंभूची रेघ फटीला अगदी समांतर होती.

घरी स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेतच, पण दादानं मोबाइलवर त्या पांढऱ्या रेघेचाही फोटो काढून घेतला. दवाखान्याच्या जिन्यात शंभूनं विचारलं, "आत्या, मग उद्यापासनं गोलीत उभारू न्हवं?"